विश्लेषण : ब्रिटनमधली कुटुंबं जुन्या जपानी सेव्हन सीटर का घेतायत? आणि घेताना फसायला कुठे होतं?

लंडनच्या उपनगरातलं एखादं मराठी घर डोळ्यांसमोर आणा. नवरा-बायको, दोन मुलं आणि उन्हाळ्यात पुण्याहून आलेले आई-बाबा. मुलं लहान असल्यामुळे दोन चाइल्ड सीट लावाव्याच लागतात, कारण ब्रिटनच्या कायद्यानुसार मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत त्या बंधनकारक आहेत. आजीचे गुडघे दुखतात, त्यामुळे उंच एसयूव्हीत चढणं कठीण. रस्त्याकडेचं पार्किंग इतकं अरुंद की दार पूर्ण उघडत नाही. सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं तर दोन गाड्या काढायच्या, नाहीतर कुणाला तरी घरी ठेवायचं.

अशा घराला हवी असते सात-आठ सीट्सची, सरकत्या दारांची, बुटक्या पायरीची गाडी. आपल्याकडे इनोव्हा किंवा कार्निव्हल जे काम करते, ते काम करणारी. आणि अशी गाडी परवडेल अशा किमतीत शोधायला लागलं की ब्रिटनमध्ये हमखास पुढे येतात ती नावं म्हणजे टोयोटा एस्टिमा, टोयोटा अल्फार्ड, निसान एल्ग्रँड, माझदा बोंगो. यातली बहुतेक मॉडेल्स या नावाने ब्रिटनच्या शोरूममध्ये कधीच विकली गेली नाहीत. ती जपानमध्ये दहा-पंधरा वर्षं चालली, लिलावात विकली गेली आणि जहाजात बसून ब्रिटनला आली.

या गाड्या जपानमध्ये इतक्या स्वस्त का होतात, ब्रिटनमध्ये त्यांना मागणी का आहे आणि घेताना नेमकं काय तपासायचं? सविस्तर समजून घेऊ.

जपानी लोक चांगल्या गाड्या का विकून टाकतात?

जपानमध्ये गाडी विकत घेण्यापेक्षा ती जुनी झाल्यावर सांभाळणं जास्त त्रासाचं आहे. तिथे 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी असते. नव्या कारला पहिली तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तपासणीची फी, विमा, वजनावरचा कर आणि दुरुस्त्या धरल्या तर एका शाकेनचा खर्च सहज लाखभर येनच्या पुढे जातो. दहा वर्षांनंतर ही तपासणी दरवर्षी करावी लागते, असं अनेक ठिकाणी अजूनही सांगितलं जातं. तो नियम १९९०च्या दशकातच रद्द झाला आहे. पण दुसरा एक नियम आहे. पेट्रोल गाडी १३ वर्षांची आणि डिझेल गाडी ११ वर्षांची झाली की वार्षिक वाहनकर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो.

त्यात भर म्हणजे शहरांतली उत्तम रेल्वे. अनेक कुटुंबांची गाडी फक्त शनिवार-रविवारी बाहेर निघते. त्यामुळे दहा-बारा वर्षांची, पण कमी किलोमीटर चाललेली गाडी तिथे सहज मिळते. आणि ओडोमीटरवर एक लाख किलोमीटर दिसायला लागले की स्थानिक बाजारात भाव पडतो, म्हणून लोक त्याआधीच गाडी काढून टाकतात.

तिसरं कारण भंगाराशी जोडलेलं आहे. २००५ पासून लागू असलेल्या वाहन पुनर्वापर कायद्यानुसार गाडी भंगारात काढण्याचा खर्च मालकाकडून आधीच घेतला जातो. गाडी परदेशी पाठवली तर ही रक्कम परत मिळते. म्हणजे निर्यात करणाऱ्यासाठी तीही एक छोटी कमाईच.

मग त्या नेमक्या ब्रिटनलाच का जातात?

फक्त ब्रिटनला नाही, जगभर जातात. पण स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे डाव्या बाजूने वाहतूक चालणारे देश त्यांचं नैसर्गिक गिऱ्हाईक ठरतात. न्यूझीलंड, केनिया, टांझानिया, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान आणि ब्रिटन. हेडलाइटचा झोतही डावीकडेच झुकलेला असतो, त्यामुळे तो बदलावा लागत नाही.

प्रत्येक देशाची चाळणी मात्र वेगळी. केनिया आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाही. बांगलादेशची मर्यादा पाच वर्षांची आहे. श्रीलंकेने परकीय चलन वाचवण्यासाठी २०२० मध्ये वाहन आयातच थांबवली आणि खासगी गाड्यांसाठी दार पुन्हा उघडलं ते २०२५ मध्ये. ब्रिटनचा नियम यांच्या बरोबर उलटा आहे. तिथे दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आणणं सोपं आणि नवी आणणं अवघड.

कारण ब्रिटनमध्ये पहिल्यांदा नोंदवल्या जाणाऱ्या गाडीला तिथल्या सुरक्षा आणि प्रदूषण मानकांची मंजुरी लागते. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीकडे ती नसते. मग प्रत्येक गाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. तिला 'इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल', म्हणजे आयव्हीए म्हणतात. यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. दहा वर्षांहून जुन्या कारला या मंजुरीतून सूट आहे. त्यामुळे ब्रिटनच्या जाहिरातींमध्ये दहा वर्षं ओलांडलेल्या जपानी गाड्यांचीच गर्दी दिसते.

ही मागणी आत्ताच का वाढलीय?

एक काळ असा होता की युरोपात मोठ्या फॅमिली व्हॅनची चलती होती. १९८४ मध्ये रेनॉने एस्पास आणली. १९९५ मध्ये फोर्ड गॅलेक्सी आणि फोक्सवॅगन शरान आल्या. ब्रिटनमध्ये या प्रकाराला 'पीपल कॅरिअर' असं नावच पडलं. पण नंतर ग्राहक एसयूव्हीकडे वळले आणि कंपन्यांनीही जास्त नफ्याच्या एसयूव्हीवर भर दिला. सीट अल्हाम्ब्रा २०२० मध्ये बंद झाली. २०२२ मध्ये शरान गेली. एप्रिल २०२३ मध्ये फोर्डने गॅलेक्सी आणि एस-मॅक्सचं उत्पादन थांबवलं.

आज ब्रिटनमध्ये नव्या सेव्हन सीटर मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच एसयूव्ही आहेत, ज्यांच्या तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे गुडघे मावत नाहीत. मर्सिडीज व्ही-क्लाससारख्या खऱ्याखुऱ्या व्हॅन मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर आहेत. डॅशिया जॉगर स्वस्त आहे, पण तिला सरकती दारं नाहीत.

जपानमध्ये हा वर्ग कधी मेलाच नाही. नोआ, व्हॉक्सी, सेरेना, सिएंटा, अल्फार्ड ही नावं तिथल्या विक्रीच्या यादीत आजही वरच्या भागात असतात. साहजिकच वापरलेल्या गाड्यांचा साठाही तिथेच आहे.

दुसरं कारण चलनाचं. २०२० मध्ये एका पौंडाला १४० येनच्या आसपास भाव होता. २०२४ च्या उन्हाळ्यात तो २०० येनच्या वर गेला. म्हणजे लिलावात दहा लाख येनला सुटलेली गाडी आधी सुमारे ७,१०० पौंडांना पडायची, ती आता ५,००० पौंडांच्या आत आली. गाडी तीच, पण ब्रिटिश ग्राहकासाठी जवळपास ३० टक्के स्वस्त.

लिलावातला भाव आणि हातात पडणारा भाव यात किती फरक?

बराच. आणि पहिली फसगत इथेच होते. जाहिरातीत जपानमधला भाव दिसतो, पण त्यावर लिलाव एजंटची फी, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाजाचं भाडं आणि विमा चढतो. गाडी योकोहामा, नागोया किंवा कोबेहून निघते आणि साउथॅम्प्टन, ब्रिस्टलसारख्या बंदरात उतरते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागली. त्यामुळे प्रवासाचे दिवस आणि भाडं दोन्ही वाढलं.

समजा, बंदरात पोहोचेपर्यंतची किंमत ८,००० पौंड झाली. त्यावर १० टक्के आयात शुल्क म्हणजे ८०० पौंड. मग या ८,८०० वर २० टक्के व्हॅट म्हणजे १,७६० पौंड. झाले १०,५६० पौंड. व्हॅट शुल्कावरही लागतो, हे अनेकांच्या हिशेबातून सुटतं.

ब्रिटन आणि जपानमध्ये १ जानेवारी २०२१ पासून व्यापार करार लागू आहे. त्यात जपानी बनावटीच्या कारवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करत २०२६ पर्यंत शून्यावर आणण्याचं ठरलं. म्हणजे वरच्या उदाहरणात ९६० पौंड वाचू शकतात. पण ही सवलत आपोआप मिळत नाही. गाडी कराराच्या नियमांत बसणारी जपानी बनावटीची आहे, याचा पुरावा द्यावा लागतो. लिलावातून गाडी उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडे असा पुरावा असेलच असं नाही. तो नसेल तर पूर्ण शुल्क. त्यामुळे 'ड्यूटी झिरो झालीय' असं विक्रेता म्हणाला, तर कागद दाखवा असं म्हणायला हरकत नाही.

यानंतर गाडी आल्याची माहिती १४ दिवसांत ब्रिटनच्या कर विभागाला द्यावी लागते. मग दुरुस्त्या, एमओटी चाचणी, आणि शेवटी डीव्हीएलएकडे नोंदणी. स्पीडोमीटर मैलांमध्ये करावा लागतो. मागचा फॉग लॅम्प जपानमध्ये सक्तीचा नसल्यामुळे तो नसेल तर बसवावा लागतो.

एक फायदाही आहे. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या गाडीचा रस्ता कर तिच्या कार्बन उत्सर्जनावर ठरतो आणि मोठ्या पेट्रोल इंजिनला तो जड जातो. बहुतेक जुन्या आयात गाड्यांसाठी युरोपीय पद्धतीने मोजलेला उत्सर्जनाचा आकडाच नसतो. म्हणून त्यांचा कर इंजिनच्या क्षमतेवर लागतो आणि १,५४९ सीसीच्या वर सगळ्यांना एकच दर. म्हणजे २.४ लिटरची एस्टिमा आणि ३.५ लिटरची एल्ग्रँड, दोघींचा कर सारखा. पेट्रोल मात्र सारखं लागणार नाही.

'ऑक्शन शीट' म्हणजे काय? ती कशी वाचायची?

जपानमधल्या लिलावात येणाऱ्या गाडीची लिलाव घराचा तपासनीस पाहणी करतो आणि एका पानावर नोंदी करतो. हीच ऑक्शन शीट. वरच्या कोपऱ्यात एकूण दर्जाचा आकडा असतो. साडेचार किंवा चार म्हणजे चांगली, साडेतीन म्हणजे वयाच्या खुणा असलेली. आतल्या भागासाठी ए, बी, सी, डी अशी वेगळी श्रेणी असते.

खाली गाडीचं चित्र असतं आणि त्यावर अक्षरं. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केल्याची खूण, एक्सएक्स म्हणजे तो भाग बदललेला. एस म्हणजे गंज आणि सी म्हणजे गंजाने खाल्लेला भाग. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितका दोष मोठा.

एकूण दर्जाच्या जागी 'आर' किंवा 'आरए' असेल तर गाडीला 'दुरुस्तीचा इतिहास' आहे. पण इथे एक बारकावा आहे. जपानी लिलावात दुरुस्तीचा इतिहास याचा अर्थ गाडीच्या सांगाड्याला मार लागून तो दुरुस्त झाला असा होतो. दार किंवा बॉनेट बदललं असेल तर ती गाडी 'आर' होत नाही. म्हणजे 'आर' नसलेली प्रत्येक गाडी अपघातमुक्त असते असं नाही. आणि 'आर' असलेली प्रत्येक गाडी वाईट असते, असंही नाही. पण तिची किंमत कमीच असायला हवी.

शीटवर तारीख जपानी कालगणनेत असते. हेइसेई पर्व १९८९ मध्ये सुरू झालं, रेइवा २०१९ मध्ये. म्हणजे हेइसेई २० हे साल २००८ होतं. विक्रेत्याने सांगितलेलं साल आणि शीटवरचं साल जुळतं का, हे दोन मिनिटांत कळतं.

शीटच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. तपासनीस इंजिन उघडत नाही, गाडी लांब चालवत नाही. गिअरबॉक्स गरम झाल्यावर धक्के देतो का, एसी तासाभराने थंड राहतो का, हे त्या पानावर कळणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शीट खोटीही असू शकते. विक्रेत्याने दिलेल्या इंग्रजी भाषांतरावर समाधान मानू नये, मूळ जपानी पानाची प्रत मागावी. चॅसी नंबरवरून मूळ शीट शोधून देणाऱ्या सेवा थोड्या पैशांत उपलब्ध आहेत.

ओडोमीटरवर किती विश्वास ठेवायचा?

जपानमध्ये असेपर्यंत बऱ्यापैकी. शाकेनच्या वेळी रीडिंगची नोंद होते आणि ती कागदावर येते. लिलावातही रीडिंग नोंदवलं जातं. गडबड होते ती गाडी जपानमधून निघाल्यानंतर. ब्रिटनमधला एमओटीचा इतिहास गाडी तिथे नोंदवल्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे आधीची दहा-बारा वर्षं तिथल्या नोंदींमध्ये कोरीच असतात. ही पोकळी भरून काढणारी कागदपत्रं म्हणजे ऑक्शन शीट आणि जपानमध्ये नोंदणी रद्द केल्याचं निर्यात प्रमाणपत्र. दोन्ही नसतील तर ओडोमीटरवरचा आकडा फक्त आकडा समजावा.

दुसरा गोंधळ मैल आणि किलोमीटरचा. स्पीडोमीटर मैलांत बदलला, पण एकूण अंतर किलोमीटरमध्येच राहिलं, असं होतं. एक लाख किलोमीटर म्हणजे साधारण ६२ हजार मैल. जाहिरातीत '९८,०००' लिहिलंय, पण एकक लिहिलेलं नाही, तर विचारून घ्या. दोन्हींमध्ये ६० हजार किलोमीटरचा फरक पडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक कोणती?

लंडनचा यूलेझ. म्हणजे 'अल्ट्रा लो एमिशन झोन'. एप्रिल २०१९ मध्ये हा नियम मध्य लंडनपुरता होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये वाढला आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे ३३ भाग त्यात आले. महाराष्ट्र मंडळाची वास्तू असलेला डॉलिस हिलचा परिसरही यातच येतो. पेट्रोल गाडी युरो-४ आणि डिझेल गाडी युरो-६ मानकात बसत नसेल, तर ती ज्या दिवशी चालवाल त्या दिवसाचे १२.५० पौंड भरावे लागतात. आठवड्यातले पाच दिवस धरले तरी वर्षाला ३,२५० पौंड. काही जुन्या गाड्यांची तेवढी किंमतही नसते.

जपानी गाडीच्या बाबतीत अडचण अशी की तिच्या कागदांवर 'युरो' असं काही लिहिलेलंच नसतं. जपानची मानकं वेगळी. २००६ नंतरच्या बहुतेक पेट्रोल एस्टिमा आणि अल्फार्ड प्रत्यक्षात निकषात बसण्याइतक्या स्वच्छ असतात. पण प्रशासनाच्या नोंदीत ते दिसलं नाही, तर गाडी स्वच्छ असूनही शुल्क लागू शकतं. मग नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण दाखवणारं उत्पादकाचं पत्र किंवा मान्य चाचणीचा अहवाल द्यावा लागतो. म्हणून ज्या गाडीला ब्रिटिश नंबर मिळालाय, तिचा नंबर पैसे देण्याआधी लंडनच्या वाहतूक प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकून बघावा. 'सगळ्या पेट्रोल गाड्या चालतात' हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. बर्मिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्येही असे शुल्क आहे, तर ग्लासगोच्या मध्यभागात निकषात न बसणाऱ्या गाडीला प्रवेशच नाही.

जुन्या डिझेल गाड्यांची गोष्ट तर आणखी अवघड. १९९०च्या दशकातल्या डिझेल बोंगो आणि एल्ग्रँड ब्रिटनमध्ये मोठ्या संख्येने का आल्या, याचं एक कारण जपानच्याच प्रदूषण कायद्यात आहे. २००१ मध्ये तिथे नायट्रोजन ऑक्साइड आणि धुलिकणांविरोधातला कायदा कडक झाला. टोकियो, ओसाका आणि नागोया परिसरात जुन्या डिझेल कारची नोंदणी चालू ठेवणं अशक्य झालं. त्या स्वस्तात बाहेर पडल्या आणि ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी त्यांच्या कॅम्पर व्हॅन बनवल्या. आता त्याच गाड्यांवर लंडनची हवा स्वच्छ ठेवण्याच्या नियमांची वेळ आली आहे. गावाकडे राहणाऱ्याला त्या अजूनही उपयोगी पडतील. पण लंडनमध्ये राहणाऱ्याने डिझेल पर्याय सरळ बाजूला ठेवलेला बरा.

कोणत्या गाडीत काय बघायचं?

एस्टिमा : ही ब्रिटनमधल्या टोयोटा प्रीव्हियाची बहीण. २००६ ते २०१९ या काळात आलेली तिसरी पिढी आयातीत सर्वाधिक लोकप्रिय. २.४ लिटर पेट्रोल इंजिन टोयोटाने अनेक मॉडेल्समध्ये वापरलंय, त्यामुळे त्याचे भाग मिळतात. याला टायमिंग चेन असते, पण ते तेल खातं का आणि कूलंट कमी होतं का, हे तपासावं. हायब्रिड एस्टिमा शहरात पेट्रोल वाचवते, पण पंधरा वर्षं जुन्या बॅटरीची तपासणी केल्याशिवाय घेऊ नये.

अल्फार्ड : २००२ मध्ये आली, दुसरी पिढी २००८ ची, तिसरी २०१५ ची. आराम, जागा आणि रुबाब हवा तर हीच. पहिल्या पिढीतल्या ३ लिटर व्ही-६ इंजिनला टायमिंग बेल्ट आहे आणि तो एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. अनेक गाड्या त्याच्या थोड्या आधीच विकल्या जातात, हे वर आलंच आहे. म्हणजे बेल्टचा खर्च नव्या मालकाच्या माथी.

एल्ग्रँड : १९९७, २००२ आणि २०१० अशा तीन पिढ्या. अडीच किंवा साडेतीन लिटरचं पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्या चालवायला झकास, पण पेट्रोल पंपावर वारंवार थांबणाऱ्या.

बोंगो फ्रेंडी : १९९५ पासून दशकभर निघाली. छत वर उचलून झोपायची सोय असलेली बोंगो कॅम्परवाल्यांची लाडकी. हिचं इंजिन पुढच्या सीट्सच्या खाली आहे. त्यामुळे पाइपमधून कूलंट गळलं तरी चटकन दिसत नाही आणि इंजिन तापून हेड तडकतं. जाणकार मालक म्हणूनच कूलंटचा अलार्म बसवतात.

कोणतीही गाडी असो, ती जॅकवर उचलून खालून बघायलाच हवी. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यांवर मीठ पडत नाही, त्यामुळे खालचा पत्रा कोरा करकरीत असतो. होक्काइदो किंवा उत्तरेकडच्या बर्फाळ भागातली गाडी मात्र गंजलेली असू शकते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. म्हणून आल्या आल्या खालून गंजरोधक थर देणं हा खर्च हिशेबात धरावाच. आधीच काळा थर दिलेला असेल, तर तो चांगल्या पत्र्यावर दिलाय की गंज झाकायला, हे मेकॅनिककडून बघून घ्यावं.

सुरक्षेचं काय?

इथे विषय पैशांच्या पलीकडे जातो. जपानी कंपनी ताकाताच्या एअरबॅगमधलं रसायन उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्याने बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात, हे उघड झाल्यावर जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या. जगभरात माणसं दगावली. २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. जपानने मे २०१८ पासून धोकादायक ठरलेल्या एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना शाकेन नाकारायला सुरुवात केली. न्यूझीलंडने त्याच वर्षी अशा गाड्यांसाठी सक्तीचा रिकॉल जाहीर केला.

आयात गाडीची अडचण ही की रिकॉलचं पत्र जपानमधल्या जुन्या मालकाकडे जातं. नव्या मालकाला कुणी कळवत नाही. म्हणून चॅसी नंबर उत्पादकाच्या जपानी संकेतस्थळावर तपासावा. जपानी गाड्यांना युरोपसारखा १७ अंकी नंबर नसतो. एस्टिमाचा नंबर 'एसीआर५०' अशा अक्षरांनी सुरू होतो. सुटे भाग मागवतानाही हाच कोड लागतो, कारण ब्रिटिश नंबर प्लेट टाकून भाग शोधला तर अनेकदा चुकीचा भाग समोर येतो.

मुलं असतील तर चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्स हुक कोणत्या रांगेत आहेत, हे गाडी बघायला जाताना स्वतःची सीट नेऊनच तपासावं. घरात वयस्कर माणसं असतील तर टोयोटाच्या 'वेलकॅब' प्रकारच्या गाड्यांचा विचार करता येतो. यात काही मॉडेल्सची सीट दाराबाहेर वळून खाली येते. वृद्धांची संख्या मोठी असलेल्या जपानमध्ये अशा गाड्या फॅक्टरीतूनच तयार होऊन निघतात.

थेट मागवायची की ब्रिटनमध्ये उभी असलेली घ्यायची?

थेट लिलावातून मागवली तर निवड मोठी आणि भाव कमी. पण गाडी न बघता, न चालवता घ्यायची आणि पसंत नाही पडली तर परत करायची सोय नाही. ब्रिटनमधल्या डीलरकडून घेतली तर थोडे जास्त पैसे जातात, पण २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं संरक्षण मिळतं. गाडीत गंभीर दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत ती परत करून पैसे मागता येतात. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत दोष निघाला, तर तो मुळात नव्हता हे डीलरला सिद्ध करावं लागतं. खासगी मालकाकडून घेतली तर हे संरक्षण जवळपास नाहीच.

पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यासाठी म्हणूनच डीलरचा मार्ग शहाणपणाचा. आणि पैसे देण्याआधी विम्याचा भाव काढावा. सगळ्या विमा कंपन्या आयात गाड्यांना दारात उभं करत नाहीत. काही जण मान्यताप्राप्त इमोबिलायझर बसवण्याची अट घालतात.

किरकोळ त्रासांची तयारीही ठेवावी. नेव्हिगेशनचा नकाशा जपानचा असतो. गाडी सुरू केली की एक बाई जपानीत टोल कार्ड घातलेलं नाही, अशी आठवण करून देतात. जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन ९० च्या आसपास संपतो, त्यामुळे जुन्या गाडीत ब्रिटनची मोजकीच स्टेशन्स लागतात. म्युझिक सिस्टीम बदलली की हे तिन्ही प्रश्न बहुतेक वेळा सुटतात.

भारतात अशा गाड्या का येत नाहीत?

आपणही डावीकडूनच गाडी चालवतो. मग अल्फार्डने भरलेलं जहाज मुंबईला का लागत नाही? कारण भारताने हे दार जवळपास बंद ठेवलंय. वापरलेली कार आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, ती मुंबईच्या बंदरातूनच आली पाहिजे, आणि करच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. देशी वाहन उद्योग सांभाळणं आणि दुसऱ्यांच्या जुन्या गाड्यांचं कोठार होऊ न देणं, असा यामागचा विचार आहे. अल्फार्डची जुळी बहीण असलेली व्हेलफायर टोयोटा भारतात नवी विकते. तिची किंमत एक कोटी रुपयांच्या वर आहे.

म्हणजे जी गाडी ब्रिटनमध्ये मध्यमवर्गीय मराठी कुटुंब जुनी घेऊन आजी-आजोबांना फिरवायला वापरतं, तीच आपल्याकडे बड्या उद्योजकांच्या आणि सिनेतारकांच्या दारात दिसते. परतताना ती सोबत आणू, असा कुणाचा बेत असेल तर तो कागदावरच सोडलेला बरा.

थोडक्यात, घेण्याआधीच्या सात गोष्टी

१. मूळ जपानी ऑक्शन शीट आणि निर्यात प्रमाणपत्र मागा. दोन्हींवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवून बघा.

२. यूलेझचा निकाल नंबर टाकून स्वतः तपासा आणि त्याची प्रत ठेवा.

३. अंतर मैलांत आहे की किलोमीटरमध्ये, हे लिहून घ्या.

४. रिकॉल, विशेषतः एअरबॅगचा, पूर्ण झालाय का ते बघा.

५. गाडी थंड असताना सुरू करा, मग अर्धा तास चालवा. सरकती दारं, दोन्ही एसी, मागचा कॅमेरा, सगळी बटणं तपासा.

६. स्वतंत्र मेकॅनिककडून गाडी खालून बघून घ्या.

७. विमा, रस्ता कर, गंजरोधक थर आणि पहिली पूर्ण सर्व्हिस धरून एकूण खर्च काढा. तो बजेटमध्ये बसत असेल तरच ॲडव्हान्स द्या.